लांबचा मोटारप्रवास आणि कुटुंबाचे मनोरंजन

सुट्टी लागली म्हणजे आपल्या सिल्लोडातील अनेक कुटुंबे मोटारीने दूरच्या प्रवासास निघतात. कोणी पुण्यास जातात, कोणी मुंबईस, तर कोणी अजिंठ्याचा घाट उतरून जळगावाकडे. पुणे येथून सुमारे ३०० किलोमीटर. म्हणजे वाटेतील विसावा धरून सहा-सात तासांची बैठक झाली. निघताना सर्वांच्या मुखावर उत्साह असतो. परंतु पहिला तास सरतो न सरतो तोच लहानग्यांची ‘अजून किती दूर?’ ही पृच्छा सुरू होते, खिडकीजवळच्या जागेवरून भांडण जुंपते, आणि अखेर शांतता व्हावी म्हणून ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. शांतता होते खरी; पण पाच माणसे एका मोटारीत बसून पाच ठिकाणी असतात. ज्या आजीस ते यंत्र चालविता येत नाही, ती बिचारी एकटीच बाहेर पाहत राहते. यास कुटुंबाचे मनोरंजन म्हणता येईल काय?

प्रथम शरीराचा विचार करू. चालत्या मोटारीत खाली मान घालून वाचले अथवा मोबाईल पाहिला, म्हणजे पुष्कळांस मळमळू लागते. याचे कारण असे की, आपल्या कानाच्या आतील भागात शरीराचा तोल व हालचाल जाणणारी इंद्रिये आहेत. गाडी वळली, थांबली वा वेगाने निघाली की ती मेंदूस तशी वर्दी देतात. इकडे डोळे मात्र हातातील स्थिर अक्षरांकडे लागलेले असल्यामुळे ‘सर्व काही स्थिर आहे’ असे कळवितात. या परस्परविरुद्ध वार्तांनी मेंदू गोंधळतो आणि ओकारी येते. दूरच्या क्षितिजाकडे पाहत राहिल्यास डोळे व कान यांची साक्ष जुळते व त्रास कमी होतो. यावरून हे ध्यानात येईल की, ज्या खेळाने दृष्टी खिडकीबाहेर जाते आणि ज्यात सर्वांस भाग घेता येतो, तोच प्रवासातील उत्तम खेळ होय. सुदैवाने अशा खेळांस एक पैसाही लागत नाही.

रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड पाहा. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा, आणि नारंगी माथ्याचा ग्रामीण रस्त्याचा. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते मोजून त्या संख्येने ३६०० ला भागावे; ताशी वेग निघतो. ६० सेकंद लागले तर वेग ६० किलोमीटर, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. वर्गात ज्यास त्रैराशिक नकोसे वाटते, तोही येथे हौसेने गणित करितो.

दुसरा खेळ वाहनांच्या क्रमांकांचा. एम एच २० म्हणजे आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा, १९ जळगाव, २१ जालना, २८ बुलढाणा, १५ नाशिक, १२ पुणे. समोरून येणारी गाडी कोठली हे जो प्रथम सांगेल त्यास एक गुण द्यावा. तिसरा खेळ गावांच्या भेंड्यांचा : सिल्लोडच्या ‘ड’वरून डोंबिवली, ‘ल’वरून लातूर, ‘र’वरून रत्नागिरी. ‘ण’ वा ‘ळ’ आल्यास अनुक्रमे ‘न’ व ‘ल’ चालतील असे आधीच ठरवावे, म्हणजे तंटा होत नाही.

परंतु सर्व खेळांहून मोठे पुस्तक म्हणजे स्वतः तो रस्ता. आपल्याच उत्तरेकडील वाटेचे उदाहरण घ्या. गोळेगाव मागे टाकून अजिंठा गाव येते, पुढे घाट उतरला की फर्दापूर. हा अजिंठ्याचा डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी करणारा न्यायाधीशच आहे. त्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी पूर्णा नदीतून गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरास जाते. उत्तर उतारावरचे वाघूर नदीने तापीस मिळून अरबी समुद्रास पोहोचते. घाटात मुलांस विचारावे, ‘आता पडलेला थेंब कोणत्या समुद्रास जाईल?’ भूगोल असा डोळ्यांसमोर उभा राहिला म्हणजे विसरत नाही. याच वाघूरच्या वळणावर ती लेणी आहेत, जी १८१९ साली जॉन स्मिथ नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली व पुढे सर्व जगास ठाऊक झाली. १९८३ साली त्यांची जागतिक वारशात गणना झाली. डोंगराअलीकडे मका व कपाशी पाहावी, आणि जळगावापुढे यावल-रावेरच्या बाजूस केळीच्या बागा कोठून लागतात ते टिपावे.

आता वडील माणसांविषयी. आजोबांस विचारावे, ‘तुमच्या लहानपणी या वाटेने कसे जात असत? बाजारास बैलगाडी किती वाजता जुंपत?’ आजीस जात्यावरच्या ओव्या येत असतील. एखादी म्हणावयास सांगावे. ज्याच्याजवळ सांगण्याजोगे सर्वांत अधिक आहे, त्यासच बहुधा कोणी विचारीत नाही. मोबाईल अगदीच वर्ज्य करावा असे नव्हे. एखादी कथा सर्वांस ऐकू येईल अशी लावावी, मग तो एकट्याचा न राहता सर्वांचा होतो.

मात्र काही पथ्ये पाळावीत. चालकास कोणत्याही खेळात बाहेर पाहावयास लावू नये. त्याने केवळ ऐकावे. मागच्या आसनावरील कलहाने त्याचे लक्ष उडते आणि त्याचे मोल कधी कधी प्राणांनी द्यावे लागते. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. कायद्याचीही तशी आज्ञा आहे. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी असे हलके अन्न बरोबर घ्यावे, आणि कागद-कचरा रस्त्यावर न टाकता पिशवीत ठेवावा. कोणास झोप आली तर त्यास झोपू द्यावे; मौन हाही विश्रांतीचाच भाग आहे.

पालकहो, घरात असता एकजण शेतावर, एकजण दुकानात, एकजण अभ्यासात. सर्व माणसे सहा तास एकमेकांच्या हाताच्या अंतरावर बसतात असा प्रसंग वर्षातून किती वेळा येतो? चार-सहा वर्षांत मुले शिक्षणासाठी परगावी जातील, आणि वृद्धांची सोबतही सदा पुरणारी नाही. विद्यार्थिमित्रहो, पुढील प्रवासात या खेळांचे कारभारीपण तुम्ही आपल्याकडे घ्या, आणि पहिला प्रश्न आजीस विचारा.