हास्य आणि करुण यांचा विरोध

विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त करुण हा हास्याचा विरोधी रस मानला आहे. प्रौढांसाठी निर्मिलेली 'बोजॅक हॉर्समन' (२०१४-२०२०) ही अमेरिकन ॲनिमेशन-मालिका या मताची फेरतपासणी करावयास लावते. तिचा नायक अश्वमुखी, मद्यासक्त आणि उतरत्या कीर्तीचा नट आहे. २०१८ मधील 'फ्री चुरो' हा भाग म्हणजे आईच्या अंत्यविधिप्रसंगी त्याने केलेले जवळजवळ अखंड भाषण होय. मरणासन्न आई 'आय सी यू' असे उद्गारली होती. आयुष्यभर उपेक्षिलेल्या पुत्राला वाटले, अखेर तिने आपल्याला पाहिले. बोलता बोलता त्याच्या ध्यानी येते की, ती केवळ अतिदक्षता विभागाच्या पाटीवरील अक्षरे वाचत होती.

येथे विनोदाचे आणि शोकाचे कारण एकच आहे. ज्या श्लेषाने हसू येते, त्यानेच पुत्राची अखेरची आशा नष्ट होते. श्लेष उमगल्यावाचून शोकाची खोलीही कळत नाही. एक रस दुसऱ्याचे अंग झाल्यास विरोधी रस एकत्र नांदू शकतात, अशी सवलत शास्त्रकारांनी दिली आहे. येथे मात्र कोणताही रस दुसऱ्याचे अंग होत नाही. ज्याला 'काळा विनोद' म्हणतात, त्याने रसचर्चेपुढे ठेवलेला खरा प्रश्न हाच होय.