गोरा तांदूळ, सावळा तांदूळ

दोस्तांनो, तुमच्या पानातला भात पांढराशुभ्र असतो ना? पण तांदूळ मुळात तसा नसतोच! भाताचं तूस काढलं की आत असतो तपकिरी, नाहीतर तांबूस दाणा. गिरणीत पॉलिश केलं की त्याचा कोंडा जातो आणि दाणा गोरागोमटा होतो.

पण त्या कोंड्यात काय होतं बरं?

१८९०च्या सुमारास जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होते. या रोगात पायांतली शक्तीच जाते. एकदा त्यांच्या कोंबड्याही लुळ्या पडल्या. त्या पांढरा भात खात होत्या! बिनपॉलिशचा तांदूळ मिळताच त्या बऱ्या झाल्या. कोंड्यात होतं ब-१ जीवनसत्त्व. पुढे १९२९ साली आइकमनना नोबेल पारितोषिक मिळालं.

सावळे तांदूळही किती तऱ्हेचे! हातसडीचा मऊ इंद्रायणी, केरळचा टपोरा मट्टा, गोव्याच्या खाजण शेतांत खारं पाणी सोसणारा कोरगुट.

मग रविवारी आईबाबांना मदतीला घ्या. वाटीभर हातसडीचा तांदूळ धुऊन तासभर भिजवा. तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर, झाकण ठेवून शिजवा. घाई नको, याला वेळ लागतो. वर तूप, मेतकूट! सावकाश चावून खा, गोडी कळेल.

आणि हो, तांदूळ थोडाच आणा. कोंड्यात तेल असतं, फार दिवस ठेवला तर तो खवट होतो.