एंजिन तेल, संश्लेषित
एंजिन तेल, संश्लेषित : मोटारगाड्यांच्या अंतर्ज्वलन एंजिनात वंगण म्हणून वापरण्यात येणाऱ्या ज्या तेलातील आधार तेल खनिज तेलाच्या साध्या शुद्धीकरणाने न मिळविता रासायनिक विक्रियांनी घडविलेले असते, त्यास संश्लेषित एंजिन तेल म्हणतात. असे तेल खनिज तेलापेक्षा महाग असते. परंतु ते उच्च तापमानास अधिक काळ टिकते आणि कमी तापमानासही प्रवाही राहते. त्यामुळे तेल बदलण्याचा कालावधी वाढविता येतो. मात्र हा कालावधी आधार तेलाखेरीज समावेशके (इष्ट गुणधर्म येण्यासाठी तेलात घालण्यात येणारे पदार्थ), गाळणी, इंधन आणि वाहन चालविण्याची परिस्थिती यांवरही अवलंबून असतो. [⟶ वंगण व वंगणक्रिया].

इतिहास : चार्ल्स फ्रीडेल व जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये संश्लेषित हायड्रोकार्बन तेले प्रथम तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खनिज तेलाची टंचाई आणि अतिशीत हवामान यांमुळे जर्मनीत संश्लेषित वंगणांच्या संशोधनास चालना मिळाली. पुढे झोत एंजिनांतील तापमानास खनिज तेले टिकेनात, म्हणून विमानांसाठी एस्टरजन्य तेले प्रचारात आली. मोटारगाड्यांसाठी अमेरिकेत १९७२ मध्ये ॲम्सॉइल हे एस्टरजन्य तेल, तर १९७४ मध्ये मोबिल १ हे हायड्रोकार्बनजन्य तेल बाजारात आले. मोटारगाडीतील तेलाची बदलता येणारी गाळणी अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ मध्ये प्रचारात आणली. आज सर्वत्र दिसणारी, आटे फिरवून बसविण्याची डबाबंद गाळणी १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली.

आधार तेलांचे गट : अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेने आधार तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिल्या गटातील तेलांत संतृप्त हायड्रोकार्बने ९० टक्क्यांहून कमी किंवा गंधक ०·०३ टक्क्यांहून अधिक असते. दुसऱ्या गटात संतृप्त हायड्रोकार्बने किमान ९० टक्के व गंधक कमाल ०·०३ टक्के असते. या दोन्ही गटांचा श्यानता निर्देशांक (तापमानानुसार दाटपणात होणाऱ्या बदलाचे मान, हा जितका अधिक तितका बदल कमी) ८० ते १२० असतो. खनिज तेलावर हायड्रोजनाची तीव्र प्रक्रिया करून त्याच्या रेणूंची रचना बदलली म्हणजे तिसऱ्या गटातील तेल मिळते व त्याचा निर्देशांक १२० किंवा त्याहून अधिक असतो. चौथ्या गटात पॉलिअल्फाओलेफिने येतात. ती एथिलिनापासून मिळणाऱ्या डेसिनासारख्या संयुगांचे रेणू जोडून बनवितात. एस्टरे व इतर सर्व आधार तेले पाचव्या गटात मोडतात.

तिसऱ्या गटातील तेलास ‘संश्लेषित’ म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होते. अमेरिकेतील नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजन या जाहिरातविषयक संस्थेने १९९९ मध्ये असे म्हणण्यास अनुकूल निर्णय दिला. तेव्हापासून वेष्टनावरील ‘संश्लेषित’ या शब्दावरून आत कोणत्या गटाचे तेल आहे, हे सांगता येत नाही. ‘अर्धसंश्लेषित’ या शब्दावरूनही मिश्रणाचे प्रमाण कळत नाही. म्हणून तेलाची पारख या शब्दांऐवजी त्याने कोणत्या मानक कसोट्या पार केल्या आहेत, यावरून करणे योग्य ठरते.

तेल निकामी होण्याची कारणे : तेलाचे आयुष्य मुख्यतः पुढील क्रियांमुळे संपते. (१) उष्णता व हवा यांमुळे तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन ते दाट होते आणि त्यातून रोगणासारखा थर व गाळ तयार होतो. (२) ज्वलनातून निर्माण होणारी अम्ले तेलातील अल्कधर्मी समावेशके खर्ची घालतात. (३) श्यानता निर्देशांक वाढविण्यासाठी घातलेल्या बहुवारिकांचे लांब रेणू दंतचक्रे व धारवे (फिरत्या दंडास आधार देणारे भाग) यांत कातरले जाऊन तेल पातळ होते. (४) काजळी, धूळ, झिजलेल्या धातूचे कण, पाणी व न जळलेले इंधन तेलात मिसळते. संश्लेषित आधार तेल यांपैकी पहिल्या क्रियेस उत्तम विरोध करते आणि त्यात बहुवारिके कमी लागत असल्याने तिसरीसही काही अंशी आळा बसतो. दुसऱ्या व चौथ्या क्रियांच्या बाबतीत ते खनिज तेलाहून फारसे वेगळे नसते. केवळ महाग तेल घालून बदलाचा कालावधी दुप्पट करणे धोक्याचे ठरते, ते यामुळेच. असे केल्यास गाळाने तेलवाहिन्या तुंबतात आणि टर्बोभारकाचे धारवे प्रथम निकामी होतात. पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च वाचविलेल्या तेलाच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो.

तेलाची निवड : प्रथम वाहन निर्मात्याने सांगितलेली श्यानता श्रेणी पाहतात. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनियर्स (एसएई) या संस्थेच्या पद्धतीत ‘५ डब्ल्यू–३०’ यातील पहिला भाग थंडीतील वर्तन दर्शवितो, तर दुसऱ्यावरून १००° से. तापमानाची श्यानता कळते. ती ३० या श्रेणीस ९·३ ते १२·५ व ४० या श्रेणीस १२·५ ते १६·३ सेंटिस्टोक या मर्यादांत असते. महाराष्ट्रातील हवामानात कडाक्याच्या थंडीचा प्रश्न उद्‌भवत नाही. तथापि पहिला अंक लहान असल्यास सकाळी एंजिन सुरू होताच तेल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते.

त्यानंतर गुणवत्ता वर्ग पाहतात. एपीआयचा ‘एसपी’ हा पेट्रोल एंजिनांसाठीचा वर्ग २०२० पासून लागू झाला. यूरोपीय निर्मात्यांच्या एसीईए या संघटनेच्या वर्गांत १५०° से. तापमानास व तीव्र कर्तन होत असताना तेलाची श्यानता किती राहते, तेही तपासतात. ‘ए३/बी४’ आणि ‘सी३’ या वर्गांस ती किमान ३·५ सेंटिपॉइज लागते. निष्कास वायूतील काजळी पकडणारी गाळणी असलेल्या डीझेल वाहनांत कमी राखेचे तेलच वापरावे लागते. कारण समावेशकांतील धातूंची राख त्या गाळणीत साठते व ती जाळून काढता येत नाही. ‘सी३’ वर्गात राखेची मर्यादा ०·८ टक्के असते, तर ‘ए३/बी४’ वर्गातील तेलांत ती १ टक्का किंवा त्याहून अधिक असते. काही निर्माते स्वतःचे मानकही ठरवितात. उदा., फोक्सवॅगन कंपनीच्या ५०४·००/५०७·०० या मानकाचे तेल वापरून यूरोपात ३०,००० किमी. किंवा दोन वर्षे यांपैकी जे आधी होईल तेथवर कालावधी वाढविता येतो. परंतु ही मुभा त्यासाठी योजलेल्या वाहनांपुरतीच आहे.

मोटारसायकलींत बहुधा एकच तेल एंजिन, दंतचक्रपेटी आणि क्लच यांना पुरते. घर्षण कमी करणारी समावेशके असलेले मोटारगाडीचे तेल त्यात घातल्यास क्लच घसरतो. म्हणून जपानी ‘जासो एमए’ मानकाचे तेल वापरतात. दंतचक्रांमुळे त्यातील बहुवारिके लवकर तुटतात, हे लक्षात घेऊनच कालावधी ठरवावा लागतो.

गाळणीची निवड : धारव्यांतील तेलाच्या पापुद्र्याची जाडी सामान्यतः काही मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच असते. या जाडीच्या आसपासचे कण सर्वाधिक झीज घडवून आणतात. जनरल मोटर्स कंपनीच्या १९८८ मधील अभ्यासात ४० मायक्रॉन गाळणीच्या तुलनेने ३० मायक्रॉन गाळणीने झीज सु. ५० टक्के व १५ मायक्रॉन गाळणीने सु. ७० टक्के कमी झाल्याचे आढळले.

गाळणीची क्षमता ‘बीटा गुणोत्तरा’ने सांगतात. विशिष्ट आकाराहून मोठ्या कणांची गाळणीपूर्वीची संख्या भागिले गाळणीनंतरची संख्या म्हणजे हे गुणोत्तर होय. २० मायक्रॉनांहून मोठे १,००० कण गाळणीत शिरले व ५० बाहेर पडले, तर गुणोत्तर २० व कार्यक्षमता ९५ टक्के होते. गुणोत्तर २ असल्यास कार्यक्षमता ५० टक्केच असते. याकरिता केवळ ‘२० मायक्रॉन गाळणी’ एवढ्या उल्लेखास कार्यक्षमता सांगितल्याशिवाय अर्थ नसतो. ही चाचणी आयएसओ ४५४८–१२ या मानकानुसार करतात.

दीर्घ कालावधीसाठी मळ साठविण्याची क्षमताही मोठी लागते. रेझीन लावलेल्या कागदापेक्षा काचतंतू किंवा इतर संश्लेषित तंतूंचे माध्यम या बाबतीत सरस असते. गाळणी तुंबली किंवा थंड तेल फार दाट असले, तर आतील उपमार्ग झडप उघडते व तेल न गाळताच एंजिनात जाते. म्हणून तेलाचा कालावधी वाढविताना गाळणीचे आयुष्य तितके आहे याची खात्री करावी लागते. एंजिन बंद असताना गाळणीतील तेल खाली उतरू न देणारी झडपही महत्त्वाची असते. ती सिलिकोन रबराची असल्यास उष्णतेने लवकर कडक होत नाही. गाळणी अम्ले, इंधन व तेलात विरघळलेले पाणी काढू शकत नाही आणि काजळीचे मूळ कण १ मायक्रॉनहून लहान असल्याने तेही तीतून पार होतात. हवेची गाळणी सदोष असल्यास आत येणारी धूळ आवरणे तेलाच्या उत्तम गाळणीसही जड जाते.

कालावधी ठरविणे : एंजिन किती तास चालले, याचा विचार किलोमीटरांइतकाच आवश्यक असतो. सरासरी ताशी ५० किमी. वेगाने १०,००० किमी. जाण्यास एंजिन २०० तास चालते, तर शहरातील कोंडीत ताशी २० किमी. वेगाने तेवढेच अंतर कापण्यास ५०० तास लागतात. मुंबई-पुण्यातील दाट वाहतुकीत चालणारी गाडी आणि महामार्गावर धावणारी गाडी यांना एकच कालावधी लावता येत नाही, तो यामुळेच. जवळच्या फेऱ्यांत तेल पुरते तापत नसल्याने त्यातील पाणी व इंधन उडून जात नाही. धुळीचे रस्ते व जड ओझे यांमुळेही कालावधी घटवावा लागतो.

इंधनातील गंधक कमी झाल्याने मात्र तेलावरील ताण हलका झाला आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत कमाल १० भाग आहे. त्यापूर्वीच्या स्टेज ४ मध्ये ते ५० होते. गंधकापासून होणारी अम्ले त्या मानाने कमी झाली आहेत.

खात्रीचा मार्ग म्हणजे वापरलेल्या तेलाचे प्रयोगशाळेत परीक्षण करणे होय. अल्कता मूळच्या निम्म्यावर आली, श्यानता श्रेणीबाहेर गेली किंवा इंधनाचे प्रमाण वाढले, तर तेल बदलतात. लोह, तांबे व शिसे यांच्या वाढीवरून झीज, सिलिकॉनवरून बहुधा धूळ आणि सोडियम व पोटॅशियम यांवरून शीतकाची गळती ओळखता येते. मालमोटारी व बसगाड्यांच्या ताफ्यांत असे नमुने घेत कालावधी टप्प्याटप्प्याने वाढवितात. एकट्या गाडीच्या मालकास परीक्षणाचा खर्च परवडत नसेल, तर निर्मात्याने प्रतिकूल परिस्थितीसाठी दिलेला कालावधी पाळणे श्रेयस्कर असते. हमीच्या मुदतीत तर तो ओलांडणे हिताचे नसते.

वापरलेले तेल : कालावधी वाढल्याने तेलाची बचत होते व टाकाऊ तेलही कमी निघते. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक अपशिष्टाचा प्रकार आहे आणि ते नोंदणीकृत पुनःप्रक्रिया उद्योगाकडे जाणे अपेक्षित आहे. त्याच्या संकलनाबाबत उत्पादकांची विस्तारित जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. असे तेल गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. उलट योग्य प्रक्रियेने त्यापासून पुन्हा आधार तेल मिळविता येते.