मुलांचे वाढते वजन आणि आहारतज्ज्ञांचे साहाय्य

‘खात्यापित्या घरचं लेकरू’ म्हणून आपल्याकडे गुटगुटीत मुलाचे कौतुक होते. ज्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांना लेकराच्या ताटात काही कमी पडू नये असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४ टक्क्यांवर गेले. त्याच राज्यात तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक बालके कमी वजनाची होती, हेही विसरता येत नाही.

आमचा मुलगा सातवीत असताना त्याला सोबती ‘जाड्या’ म्हणू लागले. त्याने खेळायला जाणेच सोडले. आम्ही त्याचा भात बंद केला, तर तो चोरून बिस्किटे खाऊ लागला. शेवटी यवतमाळला आहारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा आमची चूक आमच्या लक्षात आली.

आहारतज्ज्ञ प्रथम उंची व वजन घेतात आणि मुलाचे वय व लिंग यांनुसार वाढीच्या तक्त्यावर ते पडताळतात. उंचीही खुंटलेली दिसली तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतात. नंतर तीन दिवसांत काय, केव्हा आणि किती खाल्ले, याची नोंद मागतात. झोप, खेळ व मोबाईलचा वेळही विचारतात.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवीत नाहीत. बहुतेक वेळा वजन आहे तेथेच थोपवून धरायचे आणि उंची वाढू द्यायची, हाच मार्ग असतो. बदल एकेक करून सुचवितात. ३०० मिलिलीटर शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. त्याऐवजी पाणी किंवा ताक. पुड्यातील तळलेल्या पदार्थांऐवजी फुटाणे. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी. रोज तासभर मैदानी खेळ. आणि महत्त्वाचे म्हणजे, नियम एकट्या मुलाला नसून साऱ्या घराला असतो. आम्हालाही सायंकाळची भजी कमी करावी लागली!

शाळांच्या उपाहारगृहांत असे अपायकारक पदार्थ विकू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये घेतला. परंतु घरातील डबा आपल्याच हाती आहे.

आज आमचा मुलगा पुन्हा खेळायला जातो. पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, लेकराला चिडवू नका, उपाशी ठेवू नका. वेळीच योग्य सल्ला घ्या. विद्यार्थी मित्रांनीही जाड सोबत्याची थट्टा न करता त्याला खेळायला सोबत घ्यावे.