पावसाआधी कांदे जमिनीत

एप्रिल संपत आला की कोकण किनाऱ्यावरच्या काशीदमधल्या घरांच्या आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतात. शेजारच्या काकूंकडे त्या माळांच्या बाजूलाच जाळीच्या पिशवीत निशिगंधाचे कांदे टांगलेले असतात. खायचा कांदा आणि फुलाचा कांदा त्या एकाच नियमाने राखतात: वारा लागला पाहिजे, ओल लागता कामा नये आणि नासका कांदा चांगल्याला खेटून राहता कामा नये. अक्षय्य तृतीयेला परसात आळी करून बी पुरायची कोकणातली रीत आहे. त्याच सुमारास काकू ही पिशवी उतरवतात, अंगणात ओततात आणि एकेक कांदा अंगठ्याने बुडाशी दाबून बघतात. बूड मऊ लागलं की तो बाजूला. टणक पण सुपारीहून लहान असलेले वेगळ्या वाफ्यात जातात, कारण दोन-अडीच सेंटिमीटर जाडी भरल्याशिवाय निशिगंध सहसा दांडा काढत नाही. गेल्या वर्षी फुलून गेलेला मूळ कांदा पुन्हा फुलत नाही, फुलतात ती त्याच्या कुशीतली पिल्लं. म्हणून दरवर्षी निवड करावीच लागते.

थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत या कंदांचा एक वेगळाच वर्ग असतो. उन्हाळ्यात फुलणारे, थोडी थंडी सोसणारे, पण जमीन गोठली की मरणारे. तिथले लोक शरद ऋतूत ते उपसतात, सुकवतात, हिवाळाभर घरात ठेवतात आणि गारठा सरल्यावर पुन्हा लावतात. काशीदला दहिवर कधी पडत नाही, त्यामुळे ही सगळी उठाठेव इथे फुकटची वाटेल. पण इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि झोपलेल्या कांद्याला साचलेलं पाणी बर्फाइतकंच घातक असतं. तिकडच्या पुस्तकातला ‘हिवाळा’ खोडून ‘ओल’ लिहिलं की तीच काळजी इथे तंतोतंत लागू पडते. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले महागडे कंद जुलैत कुजले की लोक खाऱ्या हवेला दोष देतात. माझ्या पाहण्यात तरी निम्म्याहून जास्त वेळा खरं कारण कुंडीच्या बुडाशी असतं.

म्हणून कुंडी भरण्याचं काम मी फार लक्ष देऊन पाहिलं आहे. भोकावर उपडं खापर, त्यावर विटांचे तुकडे, मग माती. गावाची पांढरी पुळण दारातच असली तरी समुद्राची वाळू कुंडीत घालायची नाही, तिच्यात मीठ असतं. वाळू ओढ्याची आणायची. नारळाच्या सोडणाचा भुसा घालायचा तर आधी दोन-तीन पाण्यांतून काढायचा, कारण त्यातही खार असतो. एक भाग जांभ्याची तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत. ताजं शेण अजिबात नाही, त्याच्या उष्णतेने आणि बुरशीने कांदा सडतो. मासळीची थर्माकोलची खोकी इथे सहज मिळतात. बुडाला भरपूर भोकं पाडली तर तीही कुंडीइतकीच चांगली. कुंड्या ओळीने मांडताना काकू वर बघतात: पागोळ्या कुठे पडतात? पागोळीखाली आलेली कुंडी दोन हात मागे सरकते. तिथे पाण्याची धार माती उकरते आणि कांद्याच्या मानेत पाणी उभं राहतं.

खोलीचा हिशेबही प्रत्येकाचा वेगळा. निशिगंध पाचएक सेंटिमीटर खाली. मोठ्या तांबड्या-केशरी लिलीची मान मात्र मातीच्या वर उघडी ठेवायची. रेन लिलीचे बारीक कांदे मुठीने एकत्र, दाटीवाटीने.

या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो फुटबॉल लिलीवर. मूळची आफ्रिकेची, पण मे फ्लॉवर म्हणून आपल्याकडे इतकी रुजली की तिचं परकेपण कुणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षातले कित्येक महिने तिच्या जागी नुसती माती असते. वळवाचा एखादा शिडकावा झाला की जमिनीतून जाड ठिपकेदार देठ वर येतो आणि त्यावर शंभर-दीडशे बारीक फुलांचा लालभडक गोळा उघडतो. तिला सुपारी-नारळाची सावली लागते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं, ते तिच्या फुलण्याच्या दिवसांतच. माड आणि पोफळी मुळासकट उपटल्या, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची दैना झाली. जमिनीतले कांदे शाबूत राहिले. पण नंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्यावरची सावली गेलेल्या वाड्यांमध्ये, त्यांची पानं कडेने करपली. पान करपलं की पुढच्या वर्षाचं फूल बारीक होतं. वादळाचं नुकसान मोजताना हे कुणी मोजत नाही, आणि त्यात नवल नाही. पण कांद्यांना ती सावली परत मिळायला नवी पोफळ उंच वाढावी लागते.

कसं जगायचं हे इथल्या रानातल्या कंदांना आधीच ठाऊक आहे. काशीदच्या पाठीशी फणसाडचं जंगल आहे, एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. कोकणच्या रानात रानकांदा भर उन्हाळ्यात पान नसताना फुलतो, पावसात पानं काढून पोट भरतो आणि कोरड्या दिवसांत झोपी जातो. कळलावी पहिल्या पावसाबरोबर वर येते, पानाच्या टोकाच्या तंतूने झुडपांना धरून चढते आणि गौरी-गणपतीच्या सुमारास तिची लाल-पिवळी फुलं दिसू लागतात. दोन्हींचे कंद विषारी आहेत, लहान मुलं असलेल्या घरात हे विसरून चालणार नाही. आणि ते अभयारण्यातून खणून आणू नयेत, हे कायद्यानेही बरोबर आहे आणि मनानेही. रोपवाटिकेत कळलावी मिळते.

जुलैत खरी राखण सुरू होते. काळ्या अंगावर पांढरे, पिवळे, लालसर ठिपके असलेली लिलीची अळी एका रात्रीत पानांची चाळण करते आणि पुढे मानेतून थेट कांद्यात शिरते. स्पायडर लिली, रेन लिली, कळलावी, तिला सगळं चालतं. पावसात फवारणी टिकत नाही. काकू सकाळी चिमट्याने अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात आणि पानाखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर तेवढाच तुकडा खुडतात. हे काम कंटाळवाणं आहे, आणि त्याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

एप्रिलअखेर लावलेला निशिगंध साधारण ऐंशी-नव्वद दिवसांनी फुलतो, म्हणजे श्रावण ते गणपती. बाजाराच्या दृष्टीने ही वेळ अचूक, पण काशीदच्या वाऱ्यापावसात दांडे आडवे होतात, कळ्या तपकिरी पडतात. म्हणून प्रत्येक दांड्याला कारवीची काठी. मूळ मेक्सिकोतलं हे झाड वनस्पतीशास्त्रज्ञांनी आता घायपाताच्या प्रजातीत नेलं आहे. कोरड्या मुलखातल्या भावंडाकडे पाहिलं की निशिगंधाला चिखल का सोसत नाही ते लगेच कळतं. बंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेचा ‘प्रज्वल’ इथे मी पाहिला आहे. दांडे दणकट, फुलं भरगच्च. ग्लॅडिओलसचा नाद मात्र काशीदला पावसाळ्यात करू नये. त्याचे गड्डे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावेत, परदेशात उन्हाळ्यात येतं ते फूल इथे हिवाळ्यात घ्यावं.

फुलं संपली की पर्यटकांसाठी खोल्या देणारे लोक बाग ‘स्वच्छ’ करायला काढतात आणि लोळणारी हिरवी पानं कापून टाकतात. मीही एकदा विळा उचलला तेव्हा काकूंनी हात धरला. ‘‘पान आपणहून पिवळं पडू दे. आता कापलंस तर कांद्याच्या पोटात काय जाणार?’’ मोठ्या लिलीच्या कांद्यात साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा तयार होतो, पुढच्या मोसमाचं फूल आताच्या पानांवर पोसलं जातं. म्हणून डिसेंबरपर्यंत पानं पसरलेली राहू द्यावीत, हळूहळू पाणी तोडावं, आणि पानं वाळली की जानेवारीत निशिगंध उपसून सावलीत आठवडाभर सुकवावा. माती धुवायची नाही, झटकायची. मग पिल्लं वेगळी करायची, राखेत घोळवायची आणि जाळीच्या पिशवीत भरायची. फुटबॉल लिली उपसायची गरज नाही. तिच्या जागेवर खुणेची काठी रोवून ठेवावी, म्हणजे भाजी लावताना कुदळ तिच्यावर पडत नाही.