न वटलेला धनादेश आणि नवखा वकील

तालुक्याच्या न्यायालयात नुकतीच सनद घेऊन उभ्या राहणाऱ्या वकिलाकडे पहिले स्वतंत्र काम बहुधा खुनाच्या खटल्याचे किंवा मोठ्या वाटपाच्या दाव्याचे येत नाही. ते येते न वटलेल्या धनादेशाचे. ओळखीतला कोणी कापड दुकानदार किंवा आडत्या एका पाकिटात धनादेश, बँकेचा परतीचा मेमो आणि चार बिले घालून आणतो आणि म्हणतो, "सरळ प्रकरण आहे, वकीलसाहेब. नोटीस काढा."

अशा 'सरळ' प्रकरणांची संख्या डोळे दिपविणारी आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाख १६ हजार प्रकरणे केवळ धनादेश न वटल्याची होती. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ सालचा. त्यात कलम १३८ अमलात आले १ एप्रिल १९८९ रोजी. हेतू असा की धनादेशावर व्यापाऱ्यांचा विश्वास बसावा. विश्वास किती बसला हा प्रश्न निराळा. मात्र नव्या वकिलांच्या कित्येक पिढ्यांना या एका कलमाने व्यवसायाचा पहिला धडा दिला आहे.

हा धडा विधी महाविद्यालयात फारसा मिळत नाही. परीक्षेत कलमाचे घटक विचारले जातात. वेळेचा हिशेब प्रत्यक्ष दिनदर्शिका समोर ठेवून कोणी करून घेत नाही. धनादेश त्यावरील तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत सादर व्हावा लागतो. तो परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस धाडावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे देण्यासाठी असतात. ते उलटले की एका महिन्यात फिर्याद. येथे महिना म्हणजे ३० दिवस नव्हेत, कॅलेंडरचा महिना. समजा, नोटीस ४ मार्चला मिळाली. १५ दिवस १९ मार्चला संपतात, फिर्यादीचे कारण २० मार्चला उद्भवते आणि तो दिवस वगळून २० एप्रिलपर्यंत फिर्याद दाखल करता येते. अशील घाई करतो म्हणून १५ दिवस पूर्ण होण्याआधीच फिर्याद घातली, तर ती कायद्याच्या दृष्टीने फिर्यादच ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

मेमोवरची तारीख आणि अशिलाला माहिती मिळाल्याची तारीख या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. मोबाइलवर संदेश आधी येतो, मेमो चार दिवसांनी हाती पडतो. अशा वेळी आधीची तारीख धरून चालणारा वकील रात्री शांत झोपतो.

आता एक नेहमीचा प्रसंग पाहावा. व्यापारी येतो तेव्हा मेमो मिळून ३६ दिवस झालेले असतात. "तो आज देतो, उद्या देतो म्हणत होता," एवढेच स्पष्टीकरण. नवखा वकील खिन्न होऊन मुदत गेल्याचे सांगतो. अनुभवी वकील मात्र मेमो बाजूला सारून आधी धनादेशावरची तारीख पाहतो. ३ महिने पूर्ण व्हायचे असतील, तर धनादेश पुन्हा भरायला सांगतो. तो पुन्हा परत आला की नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात. दुसऱ्यांदा न वटल्यावरही कारवाई करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले आहे. लाखो रुपयांची फिर्याद वाचते ती धनादेशाच्या उजव्या कोपऱ्यात नजर टाकल्यामुळे.

नोटिशीचा मसुदा हे दुसरे कसब. वकिली भाषेचा फुलोरा येथे निरुपयोगी असतो. मागणी धनादेशाच्या रकमेची हवी. व्याज, खर्च, मनस्ताप यांची मागणी करायचीच असेल तर ती स्वतंत्र आकड्यांत. सगळे एकत्र कालवून एकच मोठी रक्कम मागितली, तर नोटीस कोसळते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात धनादेश १ कोटीचा आणि नोटिशीत आकडा २ कोटींचा होता. टंकलेखनातील चूक हा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. जुनी नोटीस उघडून त्यात केवळ नावे बदलण्याची संगणकीय सवय कोठे नेते, याचा याहून बोलका दाखला नसेल. धनादेश कंपनीचा असेल, तर कंपनीलाच आरोपी करावे लागते. केवळ सही करणाऱ्या संचालकावर फिर्याद टिकत नाही.

फिर्याद कोठे घालावी, यावर २०१४ नंतर काही काळ मोठा गोंधळ होता. २०१५ च्या दुरुस्तीने तो मिटला. धनादेश खात्यात भरला असेल, तर फिर्यादीचे खाते ज्या शाखेत, तेथील न्यायालयाला अधिकार. आजकाल धनादेश कोणत्याही शाखेत भरता येतो. तरी कायदा तो मूळ शाखेतच भरला असे मानतो. त्यामुळे अशिलाला "कोठे भरला?" यापेक्षा "खाते कोणत्या शाखेत आहे?" हा प्रश्न विचारणे योग्य.

बँकेच्या कागदांबाबत वकिलांची तयारी अनेकदा तोकडी पडते. बँकेचा अधिकृत शिक्का असलेला मेमो कलम १४६ नुसार धनादेश परत गेल्याचा पुरावा मानला जातो, जोवर त्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही. तेवढ्यासाठी शाखाधिकाऱ्याला साक्षीला ओढण्याचे कारण नसते. खातेउतारा मात्र नुसता छापून आणून भागत नाही. त्यासोबत १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टनुसार प्रमाणपत्र लागते. ते बँकेकडे मागताना खाते क्रमांक, कालावधी आणि न्यायालयीन कारण नेमके लिहिले, तर काम लवकर होते. "सर्व कागदपत्रे मिळावीत" असा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, आणि दोष बँकेच्या माथी जातो!

परंतु या सगळ्याहून अवघड काम असते स्वतःच्या अशिलाची तपासणी. कायदा फिर्यादीच्या बाजूने गृहीतक धरतो की धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला गेला. या गृहीतकावर विसंबून वकील प्रश्न विचारायचे टाळतो, आणि ते प्रश्न मग समोरचा वकील उलटतपासात विचारतो. पाच लाख हातउसने दिले, ते रोख की खात्यातून? रोख असतील तर कोठून आणले? विवरणपत्रात दाखविले आहेत का? पैसे देण्याची ऐपतच शंकास्पद ठरली, तर आरोपीला गृहीतक उलटविता येते. ओळखीच्या, वयाने मोठ्या माणसाला हे विचारताना पंचविशीतल्या वकिलाची जीभ अडखळते. समाजातल्याच माणसाचे प्रकरण असेल, तर संकोच दुप्पट.

त्यातला सर्वांत नाजूक प्रश्न असा: धनादेश घेतल्यावर आणि तो बँकेत भरण्यापूर्वी त्यातले काही पैसे मिळाले का? व्यापारात असे नेहमीच घडते. पाच लाखांचा धनादेश हाती असतो, मधल्या काळात दीड लाख यूपीआयने येतात, आणि तरीही धनादेश पुऱ्या रकमेचा भरला जातो. २०२२ च्या निर्णयानुसार अशा धनादेशावर कलम १३८ चा गुन्हा होत नाही. आलेल्या रकमेची नोंद धनादेशावर करून उरलेल्या रकमेसाठीच तो सादर करावा लागतो, किंवा बाकीच्या रकमेचा नवा धनादेश घ्यावा लागतो. दिवाणी वसुलीचा मार्ग अर्थात मोकळा राहतो.

नव्या वकिलाची आर्थिक ओढाताण येथेच आडवी येते. ज्येष्ठांकडील मानधन प्रवासखर्चालाही पुरत नाही. जाहिरात करण्यास नियमांची मनाई आहे. वसुलीतील टक्केवारीवर फी ठरविण्यासही मनाई आहे, जरी अशील बहुधा तोच प्रस्ताव प्रथम ठेवतो. तडजोडीत मिळालेले अशिलाचे पैसे आपल्या खर्चात मिसळू न देता त्यांचा चोख हिशेब ठेवावा लागतो. अशा स्थितीत हाती आलेले पाकीट परत करणे सोपे नसते.

तरी तो विचारतो, "काका, मधे काही पैसे आले होते का?" गृहस्थ थोडे थांबतात. "आले होते दीड लाख. पण ते दुसऱ्या बिलाचे समजायचे. तुम्ही लिहू नका." वकील दुसरे बिल मागतो. दुसरे बिल नसते. फिर्यादीसोबतचे शपथपत्र अशिलाच्या सहीचे असणार, आणि समोरच्याकडे दीड लाखांची नोंद असलेला खातेउतारा असणार, हे तो शांतपणे समजावून सांगतो. धनादेशाला अजून २० दिवस आहेत. नोंद करून साडेतीन लाखांसाठी तो पुन्हा भरावा, असेही सुचवितो.

गृहस्थ पाकीट उचलतात. "विचार करून सांगतो," म्हणतात, आणि बार रूममधल्या पलीकडच्या टेबलाकडे वळतात. वकील दैनंदिनीत धनादेशाची शेवटची तारीख लिहून ठेवतो. न जाणो, ते परत येतील.