पडद्यावरील लाल ठिपका

विमानतळावरील संगणकप्रणाली कोलमडली की प्रवाशांची नोंदणी जिथे होते ते दालन क्षणार्धात नुसते प्रतीक्षालय होऊन बसते. भिंती, मेजे, कर्मचारी सारे जागच्या जागी असतात. पण त्या जागेचे कार्यच थांबते. रॉब किचिन आणि मार्टिन डॉज यांनी २०११ साली ‘कोड/स्पेस’ या ग्रंथात अशा सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या जागांचे विवेचन केले आहे. आपली तपासणीची खोलीही आता त्यांपैकीच एक होऊ लागली आहे.

पूर्वी बाळाच्या वाढीचा तक्ता आईच्या पिशवीत असे. डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियात रुजवलेल्या ‘रोड टू हेल्थ’ कार्डाची ही परंपरा. आईच्या देखत आम्ही पेनाने ठिपका देत असू. आता तो पडद्यावर आपोआप उमटतो. त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मानदंड असतात. दिल्लीसह सहा देशांतील बालकांच्या मोजमापांवर ते आधारलेले आहेत. आकडेमोडीतील चुका टळतात, वेळ वाचतो, हे मान्यच.

मात्र एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. आठ महिन्यांच्या मुलीचे वजन ६.१ किलो भरले आणि पडद्यावर लाल ठिपका आला. मी तोंड उघडण्यापूर्वीच आईने तो पाहिला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, माझं दूध पुरत नाही का? वरचं दूध सुरू करू?”

मूल ३२ आठवड्यांचे जन्मले होते. म्हणजे अपेक्षित तारखेच्या आठ आठवडे आधी. तेवढा काळ वजा करता तिचे सुधारित वय सहा महिने येते, आणि त्या वयाला हे वजन सामान्य मर्यादेत बसते. आमच्या सॉफ्टवेअरला फक्त जन्मतारीख ठाऊक होती. गर्भकाळाचा रकाना रिकामाच राहिला होता. यंत्राने गणित अचूक केले होते. अपुरी होती ती आमची नोंद.

त्या दिवसापासून गर्भकाळ भरल्याविना पुढचे पान उघडू नये, अशी व्यवस्था मी करवून घेतली. अकाली जन्मलेल्या बालकाचे वय दोन वर्षांपर्यंत सुधारूनच वाचतो. पडदा आईकडे वळवण्याआधी मी स्वतः तिच्याकडे वळतो.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : आपल्या खोलीतील संगणक कोणता प्रश्न विचारत नाही, हे एकदा तपासून पाहावे. न विचारलेल्या त्या एका प्रश्नापायी एखाद्या बाळाचे अंगावरचे दूध तुटू शकते.